हमी आणि तिजोरी

डिसेंबर 2025 मध्ये संसदेने 2005 चा रोजगार हमी कायदा बाजूस सारून नवा कायदा संमत केला. त्यातून महात्माजींचे नाव गळाले म्हणून उठलेले वादळ आणि 100 दिवसांचे 125 दिवस झाल्याची ग्वाही, ही दोन्ही वाचकांच्या परिचयाची आहेत. परंतु महाराष्ट्राने ज्या कलमावर बोट ठेवावयास हवे, ते पैशाचे आहे. आजवर अकुशल मजुरीचा सर्व भार केंद्र वाहत असे. यापुढे बहुतेक राज्यांना खर्चाचा 40 टक्के हिस्सा सोसावा लागेल, आणि केंद्राने ठरवून दिलेल्या नियतव्ययापलीकडे जे काही लागेल ते सर्वस्वी राज्याच्या तिजोरीतून जाईल.

हमी आणि तिजोरी यांचे नाते ज्यांनी अर्धशतकापूर्वी ओळखले होते, त्या विठ्ठल सखाराम पागे यांचे स्मरण या प्रसंगी अगत्याचे आहे. तासगाव तालुक्यातील विसापूरचे, 1960 ते 1978 या काळात विधान परिषदेचे सभापती असलेले हे गांधीविचारी गृहस्थ 1965 च्या सुमारास आपल्याच तालुक्यात रोजगार हमीच्या कल्पनेचा प्रयोग करून चुकले होते. म्हणूनच 1972 चा दुष्काळ कोसळला आणि पुढील मे महिन्यात सुमारे 50 लक्ष माणसे खडी फोडण्यास, नालाबांधावर आणि पाझर तलावांवर उतरली, तेव्हा शासनापाशी निदान एक विचार तयार होता. दुष्काळी काम म्हणजे सरकारची मेहेरबानी. सुकाळी वर्षीही ‘मागेल त्याला काम’ हा कायदेशीर हक्क ठरावा, हा पागे यांचा आग्रह. 1977 च्या अधिनियमाने, जो 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला, पंधरा दिवसांत काम, न मिळाल्यास बेकारभत्ता आणि वर्षातील दिवसांना मर्यादा नाही, इतके स्पष्ट अभिवचन दिले.

हे अभिवचन टिकले ते मुख्यतः 1975 साली बसविलेल्या व्यवसायकरामुळे, असे माझे मत आहे. पगारदाराच्या वेतनचिठ्ठीतून आजही दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये जे वजा होतात, त्यांचे मूळ खेड्यातील मजुराच्या हजेरीपटात आहे. हमीसाठी बसविलेल्या करांच्या उत्पन्नाइतकीच भर शासनाने आपल्या पदरची घालावी, अशी तरतूदही होती. मुंबई-पुण्याच्या नोकरदाराने बीड-धाराशिवच्या भूमिहीनाचा भार उचलावा, हा करार आमच्या सार्वजनिक जीवनातील एक अत्यंत उदात्त करार होय, आणि तो बहुतेकांच्या विस्मरणात गेला आहे याचे मला मनापासून दुःख होते.

तिजोरीचा हात आखडला म्हणजे काय घडते, तेही महाराष्ट्रानेच पाहिले आहे. 1988 साली किमान वेतन दुप्पट झाले आणि त्यासरशी हमीची मजुरीही दुप्पट झाली. अशा वेळी कामावर रीघ लागावयास हवी होती. प्रत्यक्षात हजेरी उतरली. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी या अर्थशास्त्रज्ञांनी 1993 मध्ये या घसरणीची चिकित्सा करून, कामाचे अघोषित रेशनिंग सुरू झाले असावे, असा निष्कर्ष काढला. कायदा होता तसाच होता. असा संकोच करावयास हुकूम काढावा लागत नाही: काम सुरूच केले नाही, अथवा मजुराने भरून आणलेला मागणीचा नमुना 4 घेऊन तारीखवार पोच दिली नाही, की मागणी दप्तरी उमटत नाही आणि भत्त्याचा दावाही उभा राहत नाही.

पेरणी-काढणीच्या हंगामात वर्षाकाठी 60 दिवस कामे थांबविण्याची मुभाही नव्या कायद्यात आहे. मजूर मिळत नाहीत ही शेतकऱ्याची तक्रार खोटी नाही. योजनेतील गैरव्यवहाराला चिमटा काढणारी ‘रोजगार हमी, अर्धे तुम्ही अर्धे आम्ही’ ही लोकोक्तीही अनुभवातूनच जन्मली. परंतु कोरडवाहू मराठवाड्यात पाऊस अनेकदा ऐन हंगामातच दडी मारतो, आणि त्या दिवसांत शेतावर काम नसते म्हणूनच माणूस सरकारी कामाकडे वळतो. त्याला पंचांगातील हंगाम दाखवून परत पाठविणे अन्यायाचे ठरेल.

राज्याला आता आपली योजना नव्याने आखावयाची आहे. अर्थसंकल्पी अधिवेशनात आमदारांनी एवढे अवश्य मागून घ्यावे: दरसाल व्यवसायकराची वसुली किती, तीपैकी मजुरीवर खर्च किती, आणि केंद्राचा नियतव्यय संपल्यावर मागणी शिल्लक राहिली तर ती भागविण्यासाठी कोणत्या लेखाशीर्षाखाली किती रक्कम राखून ठेवली आहे.