पुण्याजवळच्या सहा गावांनी काय शिकवलं

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ मध्ये जवळपासच्या सहा गावांत गेले. बाई दवाखान्यात येण्याची वाट न पाहता कार्यकर्ते दर महिन्याला घरोघर जाऊन पाळीची तारीख टिपत. त्यामुळे दिवस राहिल्यापासूनची नोंद हाती लागली. आपल्याकडे एवढ्या चिकाटीचं काम विरळाच.

या बायकांचं गरोदरपणाआधीचं वजन सरासरी ४२ किलोच्या आसपास होतं. त्यांची बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची भरली, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. जन्मानंतर तीन दिवसांच्या आत कार्यकर्ते बाळाच्या खांद्याच्या फऱ्याखालची कातडी चिमट्याने मोजत. दंड बारीक, पोट लहान, पण या चिमटीतली चरबी मात्र इंग्रज बाळाच्या तुलनेत फारशी कमी नव्हती. दिसायला किरकोळ आणि आतून चरबीदार अशा या बाळांवरचा लेख २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीयांना कमी वजनातही मधुमेह का गाठतो, याचा एक धागा पाळण्यापर्यंत पोचला.

मग आयांचं ताट तपासलं गेलं. एकूण उष्मांक आणि प्रथिनं यांचा बाळाच्या आकाराशी फारसा संबंध दिसला नाही. ज्या बायका दूध, पालेभाज्या आणि फळं अधिक वेळा खात, त्यांची बाळं मोठी होती. पोटभर भाकरी मिळाली म्हणजे झालं, हा समज इथे कोलमडला. श्रमांचंही तसंच. शेतातली मजुरी, डोक्यावर हंडा घेऊन पाणी आणणं, घरकाम, यांचा भार जितका जास्त तितकं बाळ लहान. 'बाळ मोठं झालं तर बाळंतपण जड जाईल, जरा कमीच खा' असा सल्ला अजूनही घराघरांत दिला जातो. तो देणाऱ्या प्रत्येक सासूबाईंपर्यंत हे निष्कर्ष पोचायला हवे होते.

पुढचा धक्का रक्ततपासणीतून आला. बहुसंख्य गरोदर बायकांत बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. ज्यांच्यात ते कमी आणि फोलेट भरपूर, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक आढळली. हे २००८ साली प्रसिद्ध झालं. गरोदर बाईला मिळणाऱ्या सरकारी गोळीत लोह आणि फॉलिक ॲसिड, म्हणजे फोलेटच, असतं; बी-१२ नसतं. गोळी थांबवावी असा याचा अर्थ मुळीच नाही, ती घ्यायलाच हवी. पण दूध, अंडी, मासे क्वचितच मिळणाऱ्या बाईला बी-१२ कुठून मिळणार?

त्याच बाळांनी किशोरवय गाठल्यावर, २०१२ पासून, त्यांना बी-१२ देण्याचा प्रयोग सुरू झाला. त्यांना झालेल्या मुलांची आकलनाची आणि भाषेची वाढ तपासली, तेव्हा बी-१२ मिळालेल्यांची मुलं सरस दिसली.

महाराष्ट्राने २०१५ मध्ये आदिवासी भागांत अमृत आहार योजना आणली, गरोदर बाईला गरम जेवण मिळू लागलं. पाऊल योग्यच, पण ते पडतं दिवस राहिल्यावर, आणि तोवर महत्त्वाचे पहिले आठवडे उलटून गेलेले असतात. म्हणून लग्नाला अजून अवकाश असलेल्या मुलीच्या ताटात आजपासून पालेभाजी, दूध किंवा अंडं वाढा, आणि घरात कुणी पोटुशी असेल तर पाण्याचा हंडा दुसऱ्या कुणीतरी उचला.