नववीला कोण विचारतं?

सकाळी साडेसात. कॉलेजच्या फाटकातच एक वडील गाठतात. हातात प्लास्टिकची फाइल. "मॅडम, दहावीला ९१ टक्के, अकरावीला ८८. मग हे अमेरिकावाले नववीचं कशाला मागतात? नववीला कोण विचारतं?" आपल्याकडे खरंच कोणी विचारत नाही. अकरावीचा प्रवेश दहावीवर, पुढचं सगळं बारावी, सीईटी नाहीतर जेईईवर. नववी म्हणजे बोर्डाच्या आधीची उनाडकी. तिकडे मात्र हायस्कूल नववीपासून सुरू होतं आणि बहुतेक कॉलेजं चारही वर्षांचे गुण मागतात. पुण्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात मी परदेशी अर्जांचं काम बघते. आमच्या मुलांना ही गोष्ट कळते ती बारावीत, म्हणजे नववी संपून अडीच वर्षं झाल्यावर.

साडेनऊ. उद्यापासून दिवाळीची सुट्टी आणि १ नोव्हेंबरला 'अर्ली', म्हणजे लवकरच्या अर्जांची मुदत. नववीचा निकाल आमच्या दप्तरी नसतोच, तो जुन्या शाळेत. सहा पोरांना त्यांच्या त्यांच्या शाळेत पिटाळते. जाताना बजावते, क्लार्कला 'ट्रान्सक्रिप्ट' म्हणू नका, तो विद्यापीठात जा म्हणेल. 'नववीच्या निकालाची प्रत, मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का' एवढंच म्हणा.

अकरा. आजचं खरं काम. समोर बसलेल्या मुलाच्या वडिलांची बदली झाली आणि तो लातूरच्या मराठी माध्यमातून पुण्यात थेट इंग्रजी माध्यमाच्या नववीत आला. प्रगतिपुस्तकात पहिल्या सत्राला विज्ञान ३८, खाली लाल शाईत 'नीड्स अटेन्शन', आणि त्या शेऱ्यालगत वडिलांची सही इतकी बारीक, की जणू त्यांना ती कुणाला दिसायला नको होती. वार्षिकला त्याच विषयात ६१. एकूण दहावीला ८४ टक्के, अकरावीला ८८.

कॉमन ॲपवर, म्हणजे अनेक अमेरिकी कॉलेजांच्या सामायिक अर्जात, जादा माहितीसाठी एक रकाना असतो. २०२५ पासून त्याची मर्यादा ६५० शब्दांवरून ३०० वर आली. पठ्ठ्याने २९६ भरले होते. सुरुवात अंधाऱ्या बोगद्याने. बोगदा काढला. रात्री रडणारी आई काढली. 'पण मी खचलो नाही' हे वाक्य खोडलं, तेव्हा तो पहिल्यांदा खचल्यासारखा दिसला. उरली चार वाक्यं: बदली कधी झाली, माध्यम कसं बदललं, पहिल्या सत्रात काय झालं, वार्षिक परीक्षेपासून गुण कसे चढले. वाचणाऱ्यापुढे अर्जांचा ढीग असतो. त्याला कारण हवं असतं, कीर्तन नव्हे. शिवाय समुपदेशकाच्या पत्रात हीच गोष्ट मी दोन ओळींत लिहिणार आहे, आणि मुलाच्या तोंडून जे रडगाणं वाटतं ते शाळेच्या पत्रात नुसती माहिती ठरते. मुख्य निबंध तर नववीवर अजिबात खर्चायचा नाही. तो आजोबांच्या गुऱ्हाळावर लिहितोय. काकवीच्या वासाचा परिच्छेद मी जसाच्या तसा ठेवलाय.

दीड. डबा उघडते तोच एका आईचा फोन. मुलीला नववीत ५८ टक्के. "ओळखीचे डॉक्टर आहेत, टायफॉइडचं लिहून देतील." नाही म्हटलं. मुलीला बोलावून विचारलं. ती म्हणाली, "काहीच झालं नव्हतं मॅडम, मी अभ्यासच केला नाही." इतकं सरळ उत्तर मला वर्षात एखादंच मिळतं. कारण नसेल तर तो रकाना कोरा ठेवायचा. दहावीला ८३, अकरावीला ८७, ही चढण वाचणाऱ्याला दिसते. तिच्या यादीत युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया घातली. तिथे नववीचे गुण भरावे लागतात, पण सरासरी काढताना दहावी-अकरावीचेच धरतात. शिफारसपत्रही सहसा मागत नाहीत आणि मुदत साधारण नोव्हेंबरअखेरची. आई अजून टायफॉइडवर अडलेली. भाजी गार.

चार. कॉलेजची माहिती देणारा कागद दुरुस्त करते. आमच्याकडे ७५ टक्क्यांना डिस्टिंक्शन, हे तिथे लिहिलं नाही तर ७५ म्हणजे यथातथाच असं वाटू शकतं. पोरं इंटरनेटवरच्या तक्त्यांवरून टक्क्यांचे चारपैकी गुण काढून भरतात, ते पुसायला लावते. मार्कशीटवर जे छापलंय तेच भरायचं. आणि बारावीची सहामाहीही पुढे पाठवावी लागते, हे तिसऱ्यांदा सांगते. अर्ज गेला की सुटलो असं त्यांना वाटतं.

साडेसात. सकाळी पिटाळलेल्या सहांपैकी चौघांचे मेसेज आले. एकाने शिक्क्याचा फोटो पाठवलाय: "गोल आहे, चालेल ना?" चालेल. उरलेल्या दोघांच्या शाळेतले क्लार्क दुपारीच गावाला गेले.

ज्यांची मुलं आत्ता नववी-दहावीत आहेत, त्यांना एक विनंती. परदेशाचा विचार असो नसो, शाळा सोडल्याचा दाखला आणायला जाल तेव्हाच नववीच्या निकालाच्या चार प्रती सही-शिक्क्यासह घेऊन ठेवा. दिवाळीत शाळेत फक्त वॉचमन असतो.