झोपलेल्या पडद्याला चांदीचा मुलामा

हुपरीचा रंग कोणता, या प्रश्नाला गावात चांदीखेरीज दुसरे उत्तर नाही. पैंजण, जोडवी, वाळे, करदोटे यांवर हातकणंगले तालुक्यातले हे गाव उभे आहे. एका घरात तार ओढली जाते, दुसऱ्यात कड्या जोडल्या जातात, तिसऱ्यात घुंगरू बसतात. इथल्या एखाद्या लिनक्सवाल्याला आपल्या संगणकाचा झोपलेला पडदाही चंदेरी असावा असे वाटले, तर त्यात नवल नाही. नवल वाटावे ते त्या सॉफ्टवेअरचे, ज्याच्याकडे हा हट्ट घेऊन जायचे.

त्याचे नाव एक्सस्क्रीनसेव्हर. जेमी झविन्स्की या अमेरिकी प्रोग्रामरने ते १९९२ मध्ये प्रसिद्ध केले आणि आजही तोच ते सांभाळतो. नेटस्केप ब्राउझरची युनिक्स आवृत्ती घडवणाऱ्यांतला हा माणूस. पुढे त्याने सॅन फ्रान्सिस्कोत डीएनए लाउंज नावाचा नाइटक्लब चालवायला घेतला, पण स्क्रीनसेव्हर काही सोडला नाही. स्वभावाने तिखट. डेबियन या लिनक्स वितरणात जुनीच आवृत्ती वर्षानुवर्षे राहते म्हणून त्याने कार्यक्रमातच 'तुमची आवृत्ती फार जुनी झाली' असा इशारा घालून ठेवला आणि २०१६ साली त्यावरून बरेच वाजले. माझ्या मते भांडण्याची पद्धत त्याची चुकली, पण मुद्दा त्याचाच बरोबर होता: पडद्याला कुलूप लावणारे सॉफ्टवेअर शिळे ठेवू नये.

स्क्रीनसेव्हरची मूळ गरज काचेच्या जाड नळीच्या मॉनिटरची. एकच चित्र तासन् तास राहिले की आतला फॉस्फरचा थर त्या जागी झिजायचा आणि पडदा बंद केला तरी अक्षरांची सावली दिसत राहायची. एलसीडी आल्यावर ती गरज बहुतेक संपली. ओलेडमुळे थोडी परत आली आहे.

एक्सस्क्रीनसेव्हर हा एकच मोठा कार्यक्रम नाही. एक मुख्य कार्यक्रम मागे बसून कीबोर्ड आणि माउस किती वेळ गप्प आहेत ते पाहतो, आणि वेळ भरली की दोनशेहून अधिक छोट्या कार्यक्रमांपैकी एकाला पडदा देऊन टाकतो. प्रत्येक छोटा कार्यक्रम स्वतंत्र, अनेक वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेला. त्यामुळे रंग बदलायची एकच एक खिडकी शोधणाऱ्याची निराशा होते. ज्याचा रंग त्याच्याकडे.

पण मोकळीकही तिथेच आहे. सेटिंगच्या खिडकीत एखादा कार्यक्रम निवडला की बऱ्याच ठिकाणी रंगांच्या संख्येची सरकपट्टी दिसते. ती खाली आणली तर दोन-तीन रंग, वर नेली तर दोनशेपेक्षा जास्त. हे रंग कार्यक्रम आधी ठरवून ठेवत नाही. बऱ्याचदा तो रंगचक्रावर दोन ते पाच ठिकाणे सहज उचलतो आणि त्यांच्यामधल्या छटा भरून एक बंद वर्तुळ करतो. म्हणून शेवटचा रंग पुन्हा पहिल्याला अलगद मिळतो, सांधा दिसत नाही. पडदा एका वेळी २५६ रंगच दाखवायचा त्या काळात तर चित्राला हातही न लावता फक्त रंगांचा तक्ता फिरवला जाई, आणि सारा पडदा वाहू लागे.

आता चांदी. एक्स विंडो प्रणालीत रंगांची एक यादी असते. डावीकडे लाल, हिरवा, निळा यांचे आकडे, उजवीकडे नाव. १९८९ च्या सुमारास तिची फेररचना झाली तेव्हा कित्येक नावे एका रंगकंपनीच्या नमुन्यांवरून घेतली गेली. त्या यादीत सोने होते, तेही चार उपछटांसह. चांदी नव्हती! ती वेबच्या सोळा मूळ रंगांत होती, आणि एक्सच्या यादीत फार उशिरा शिरली. तिचे आकडे १९२, १९२, १९२. जुन्या यादीतल्या शंभर राखाडी पायऱ्यांपैकी पंचाहत्तरावी पायरी १९१ ची आहे, म्हणजे अवघ्या एका अंशाचा फरक. हुपरीत कुणी १९१ ला चांदी म्हणून दाखवली तर कारागीर हसेल, आणि १९२ लाही हसेल.

तरी प्रयोग करून पाहण्यासारखा आहे, आणि त्यासाठी मला 'फॉस्फर' हा कार्यक्रम सर्वांत आवडतो. जुन्या टर्मिनलची तो नक्कल करतो: जाडजाड ठिपक्यांची अक्षरे उमटतात आणि हळूहळू विझतात. मूळ रंग हिरवा. घरच्या फोल्डरमध्ये 'एक्सरिसोर्सेस' नावाची, सुरुवातीला टिंब असलेली लपलेली फाइल असते. नसेल तर करायची. तिच्यात फॉस्फरच्या अक्षराचा रंग चंदेरी असे लिहून फाइल पुन्हा वाचायला लावली की काम झाले, असे वाटते. होत नाही. अक्षरे चंदेरी उमटतात, पण विझताना हिरवट होतात, कारण इथे रंग तीन आहेत: अक्षर उमटताना क्षणभर चमकते तो पांढरा, स्थिरावते तो हिरवा आणि मावळते तो गडद हिरवा. तिसरा रंगही गडद राखाडी लिहिला की मग रांग जुळते. पहिला पांढराच ठेवावा. सगळी गंमत त्याच्यात आहे.

त्याचे कारण धातूतच आहे. दिसणारा प्रकाश सर्वांत जास्त परतवणारा धातू म्हणजे चांदी, साधारण ९५ टक्के. तिला स्वतःचा रंग जवळजवळ नाहीच, समोर जे असेल ते ती दाखवते. पॉलिश केलेल्या पैंजणात शुभ्र ठिपका आणि त्याला लागूनच काळी रेघ असते, आणि पैंजण हलला की दोन्ही जागा सोडतात. हवेतल्या गंधकाने ती काळवंडते तेव्हा हा खेळ बंद होतो, आणि उरते ती आपल्या यादीतली १९२ ची राखाडी. म्हणून खरी चांदी हवी असेल तर रंगाचे नाव लिहून भागत नाही, प्रतिबिंब लागते. या संग्रहात 'मिररब्लॉब' नावाचा कार्यक्रम आहे. थुलथुलणाऱ्या आरशासारखा एक गोळा मागचे चित्र वाकवून दाखवत राहतो. मागे काळ्यापांढऱ्या छायाचित्रांचा फोल्डर द्यावा. चांदी या शब्दाला जागणारे याहून जवळचे मला काही सापडले नाही.

हे सगळे प्रत्येक डेस्कटॉपवर चालेलच असे नाही. ग्नोमने २०११ मधल्या तिसऱ्या आवृत्तीपासून चित्रविचित्र स्क्रीनसेव्हर काढून टाकले. तिथे पडदा फक्त काळा होतो. स्क्रीनसेव्हरच्या सेटिंगमध्ये पहिला आणि दुसरा रंग अशा दोन नोंदी अजून दिसतात, पण २०२० पासून कुलूपपडद्यावर वॉलपेपरच धूसर करून येतो, तेव्हा त्या नोंदींवर वेळ घालवू नये. माते आणि एक्सएफसीई यांचे स्वतःचे स्क्रीनसेव्हर आहेत. एक्सची जागा घेणाऱ्या वेलँडवर एक्सस्क्रीनसेव्हरच्या कुलपावर विसंबू नये.

आणि ज्या संगणकावर गिऱ्हाइकांची उधारी आणि चांदीची आवक-जावक आहे, तिथे रंगाआधी कुलूप पाहावे. पासवर्ड विचारणाऱ्या चौकटीचा रंगही बदलता येतो, तयार थीम दिलेल्या आहेत, पण अक्षर आणि पार्श्वभूमी यांत पुरेसा फरक ठेवा. चंदेरीवर पांढरे लिहिलेत तर तुम्हालाच वाचता यायचे नाही. काही बिघडलेच तर घरच्या फोल्डरमधली 'एक्सस्क्रीनसेव्हर' नावाची लपलेली फाइल पुसून टाका आणि एक्सरिसोर्सेसमध्ये लिहिलेल्या ओळी काढा, मूळ रंग परत येतात.