बूट-प्रतिमेची आज्ञा-फाइल

वर्ध्यात वीज जाऊन परत आली, की घरातला इंटरनेटचा राउटर मिनिटभर दिवे मिचकावत बसतो. तेवढ्या वेळात आतली चिप आपला प्रोग्राम साठवणीतून मेमरीत आणत असते. आरंभीच्या या संचाला बूट-प्रतिमा म्हणतात.

फ्रीस्केलच्या आय.एमएक्स-28 या चिपचे उदाहरण घेऊ. तिची प्रतिमा ‘एल्फ-टू-एसबी’ हा प्रोग्राम बांधतो. कशी बांधायची ते साध्या मजकुराच्या आज्ञा-फाइलीत लिहिलेले असते. आधी लागणाऱ्या फाइलींची नावे, मग आज्ञा: हे मेमरीतल्या अमुक पत्त्यावर ठेव, हा छोटा प्रोग्राम चालवून परत ये, आता तिकडे उडी मार. क्रम चुकून चालत नाही. बाहेरची मेमरी जागी करणारा छोटा प्रोग्राम आधी चालला नाही, तर मुख्य प्रोग्राम ठेवायला जागाच नसते!

मग ही प्रतिमा 128 बिटांच्या किल्लीने कुलूपबंद होते. किल्ली आज्ञा-फाइलीत लिहीत नाहीत; ती वेगळ्या फाइलीत आणि चिपमधल्या एकदाच लिहिता येणाऱ्या बिटांत असते. म्हणून आज्ञा-फाइल कोणी वाचली तरी बिघडत नाही. मात्र सर्व शून्यांची किल्ली वापरण्याचीही सोय आहे. चाचणीपुरती ती ठीक. पण तीच बाजारातल्या यंत्रात राहिली, तर कुलूप दिसते आणि किल्ली सर्वांना ठाऊक असते.