गॅस कटर घेताय? आधी काय कापायचंय ते ठरवा

भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांत उडणाऱ्या ठिणग्या बघून वाटतं, घरी आपलाही गॅस कटर हवा. थांबा! गॅस कटर लोखंड नुसतं वितळवत नाही, जाळतो. ज्योतीने सुमारे 900 अंशांपर्यंत तापवायचं, मग ऑक्सिजनचा झोत सोडायचा. स्टेनलेस स्टील असं कापलं जात नाही. क्रोमियम ऑक्साइडचा थर आड येतो. त्याला प्लाझ्मा किंवा ग्राइंडर. जाड माइल्ड स्टीलला एलपीजी-ऑक्सिजन पुरतो. पण एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो; बंद खोलीत नकोच. दोन्ही पाइपांना फ्लॅशबॅक अरेस्टर लावा, ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेलकट हात लावू नका. आणि पातळ पत्रा असेल? मी तर सरळ ग्राइंडरच उचलतो.