हॉकला रंग चढवताना

शिकाऊ वैमानिकांच्या जेट विमानांना सहसा कोणी भाव देत नाही. पोस्टर लागतात ती लढाऊ विमानांची, आणि खिडकीची सीट मागितली जाते ती प्रवासी विमानात. ट्रेनर मधल्या मध्ये राहून जातं. ब्रिटिश बनावटीचं हॉक याला अपवाद ठरलं, आणि त्याचं अर्धंअधिक श्रेय मी त्याच्या रंगांना देईन.

हॉकर सिडली कंपनीत राल्फ हूपर यांच्या नेतृत्वाखाली आखलेलं हे विमान २१ ऑगस्ट १९७४ रोजी डन्सफोल्डच्या धावपट्टीवरून पहिल्यांदा उडालं. चालवत होते चाचणी वैमानिक डंकन सिम्पसन आणि विमानाचा नंबर होता एक्सएक्स १५४. दोन वर्षांनी ते रॉयल एअर फोर्समध्ये रुजू झालं. टी-१ या मूळ प्रकाराची पावणेदोनशेच्या आसपास विमानं ब्रिटनने घेतली. २०२२ मध्ये त्यांची सेवा संपली. उरली ती फक्त रेड ॲरोज या कसरतपथकाची. बाकीची शेडमध्ये गेली, काही संग्रहालयांत. तरीही टी-१ रोज उडतं, तेही लोकांच्या घरातल्या कॉम्प्युटरवर. जस्ट फ्लाइट या ब्रिटिश कंपनीने मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरसाठी त्याचं ॲड-ऑन बनवलं आहे. हे ॲड-ऑन उडवणं एक काम आणि त्याला नवा रंग देणं दुसरं. दुसरं काम हाती घेतलं की पहिलंही जास्त कळू लागतं, हा माझा अनुभव.

आधी उडवण्याचं. कॉकपिटमध्ये एकामागे एक दोन जागा. मागची, म्हणजे प्रशिक्षकाची, बरीच उंच, कारण विद्यार्थ्याच्या डोक्यावरून त्याला धावपट्टी दिसायला हवी. छत उजवीकडे उघडतं आणि त्याच्या काचेवर वळणं घेत गेलेली एक जाडसर रेघ दिसते. नवख्याला ती नक्षी वाटते. ती स्फोटक दोरी आहे. वैमानिक इजेक्ट करतो तेव्हा क्षणात काच फोडून त्याला वाट करून देते. समोर सगळे गोल काट्यांचे डायल, पडदा एकही नाही. विमान सुरू करायला बाहेरची गाडी लागत नाही. इंजिनाच्या वर बसवलेलं एक छोटं गॅस टर्बाइन आधी जागं होतं आणि ते मुख्य इंजिनाला फिरवतं. हे मुख्य इंजिन म्हणजे रोल्स-रॉइस आणि टर्बोमेका यांचं अडूर. आपल्या हवाई दलाच्या जॅग्वारमध्येही याच घराण्याचं इंजिन आहे, तिथे आफ्टरबर्नरसकट. हॉकला आफ्टरबर्नर नाही. त्यामुळे वेग वाढायला जरा वेळ लागतो आणि घाईघाईने थ्रॉटल ढकलणाऱ्याला काही मिळत नाही.

पहिली फजिती जमिनीवरच होते. टी-१च्या नाकाच्या चाकाला स्टिअरिंग नाही, ते मोकळं फिरतं. डावीकडे वळायचं तर डावा ब्रेक, उजवीकडे तर उजवा. ज्याच्याकडे पायाखालची पॅडल नाहीत, त्याचं विमान टॅक्सीवेवर नागमोडी चालतं. हवेत गेल्यावर मात्र हेच विमान इतकं सरळमार्गी होतं की आश्चर्य वाटावं. एलेरॉन आणि मागची पूर्ण हलणारी आडवी शेपटी हायड्रॉलिकवर चालतात. रडर मात्र वैमानिकाच्या पायाच्या जोरावर. हायड्रॉलिक दाब गेलाच तर उभ्या शेपटीच्या पुढून एक छोटा पंखा पाठीवर उघडतो आणि वाऱ्यावर फिरून गरजेपुरता दाब देतो.

हॉकचं खरं शिक्षण मात्र जमिनीलगत उडण्यात होतं. वेल्समधल्या अँगलसी बेटावरच्या व्हॅली तळावरून निघायचं आणि दक्षिणेला डोंगरांत शिरायचं. डोलगेलाय ते मखान्थलेथ या गावांच्या दरम्यानच्या दऱ्यांना ‘मॅक लूप’ म्हणतात. तिथे जमिनीपासून २५० फुटांवर आणि ताशी ४२० नॉट वेगाने जाण्याचा रिवाज. ४२० हा आकडा सोयीचा आहे: साठने भागला की मिनिटाला बरोबर ७ सागरी मैल. मांडीवर नकाशा, हाताशी स्टॉपवॉच आणि डोक्यात सातचा पाढा, एवढ्यावर विद्यार्थी पुढचं वळण शोधत असे. सिममध्ये जीपीएसचा नकाशा उघडता येतो, पण मग हॉक कशाला घ्यायचं?

मॅक लूपचा रंगकामाशीही थेट संबंध आहे. विमानाचे फोटो बहुतेक खालून किंवा बाजूने घेतलेले असतात. पंखांची वरची बाजू, पाठ, छताच्या मागचा भाग हे सगळं वरून कोण पाहतं? पण तिथे फोटोग्राफर डोंगराच्या उतारावर बसतात आणि विमानं त्यांच्या पायाखालून जातात. रंगकाम करणाऱ्याला पंखावर खूण नेमकी कुठे संपते, पाठीवर पट्टा कसा वळतो, हे पाहायचं असेल तर आधार अशाच फोटोंचा.

आता रंगकाम. ॲड-ऑनसाठी पेंट किट मिळतं. फोटोशॉप किंवा गिंपमध्ये फाइल उघडली की विमान शिंप्याने कापून ठेवलेल्या कापडासारखं दिसतं: इथे डावी कूस, तिथे उजवी, कोपऱ्यात शेपटी, मध्येच चाकांची झाकणं. प्रत्येक तुकड्यावर थर असतात, पत्र्यांच्या सांध्यांचा एक, रिव्हेटांचा एक, मळाचा एक, सूचनांच्या अक्षरांचा एक. या सगळ्यांच्या तळाशी आपला रंग टाकायचा. ऐकायला सोपं. पण नाकापासून शेपटीपर्यंत सरळ जाणारा पट्टा दोन तुकड्यांच्या शिवणीवर येतो आणि विमानावर पाहिलं तर तिथे पायरी पडलेली असते. मॉडेल करणाऱ्याने दोन्ही बाजूंसाठी एकच तुकडा वापरला असेल, तर एका बाजूची अक्षरं आरशातल्यासारखी उलटी उमटतात. एक पिक्सेल सरकवा, फाइल जतन करा, सिम उघडा, पाहा, परत या. यात रात्र जाते.

बारीक अक्षरांचं दुखणं वेगळं. विमानाची लांबी बारा मीटरच्या आतबाहेर. ती ४०९६ पिक्सेलच्या पानावर पूर्ण आडवी बसली असं धरलं, तरी एक पिक्सेल म्हणजे प्रत्यक्षातले जवळजवळ ३ मिलिमीटर. दोन सेंटिमीटरच्या सूचनेच्या अक्षराला जेमतेम सात पिक्सेल मिळतात. त्यात सिमला लागणारी डीडीएस फाइल चित्र चार-बाय-चार पिक्सेलच्या ठोकळ्यांत दाबते, म्हणजे उरलीसुरली कडही पुसट होते. म्हणून कॉकपिटखालचा इजेक्शनच्या धोक्याचा लाल त्रिकोण आधी बसवावा. नजर तिथे पहिली जाते.

रंग निवडताना हॉकचा सगळा इतिहास समोर येतो. सुरुवातीच्या ट्रेनरवर लाल, पांढरा आणि फिकट करडा. ब्रिटिश प्रमाणाच्या यादीत या करड्याचा क्रमांक ६२७. शस्त्रांचं प्रशिक्षण देणाऱ्या तुकड्यांकडे गेलेल्या विमानांवर हिरव्या-करड्या छटांचं कॅमूफ्लाज आलं, कारण तिथे लपायचं होतं. आणि १९९० च्या दशकात ट्रेनरचा ताफा चकचकीत काळा होऊ लागला. सर्वसाधारण समज असा की आकाशात उठून दिसायचं तर भडक लाल किंवा नारिंगी रंग हवा. चाचण्यांत उलटंच निघालं. दुरून लालाची लाली हरवते आणि उरतो फक्त उजेड-अंधाराचा फरक; त्या हिशोबात उजळ आकाशासमोर काळ्याला तोड नाही. शिकाऊ वैमानिकांनी गजबजलेल्या आकाशात समोरचं विमान लवकर दिसणं हा जिवाचा प्रश्न. फॅशनचा संबंधच नाही.

हा काळा सिममध्ये आणणं सर्वांत कठीण, असं माझं मत. नवखा सरळ शुद्ध काळा ओततो आणि विमानाच्या जागी एक भोक उडताना दिसतं, ना सांधे दिसत, ना गोलाई. प्रत्यक्षात काळा रंगही थोडा प्रकाश परत देतो, तेव्हा गडद करड्यापासून सुरुवात करावी. पण खरं काम रंगाच्या फाइलमध्ये होतच नाही. सोबत दुसरी एक फाइल असते. तिच्या लाल वाहिनीत सांदीकोपऱ्यांतली सावली, हिरव्या वाहिनीत पृष्ठभागाचा खरखरीतपणा आणि निळ्या वाहिनीत धातूपणा साठवलेला असतो. काळ्या हॉकचं सगळं चरित्र हिरव्या वाहिनीत. जिथे तंत्रज्ञ पाय देऊन चढतात तिथे चकाकी मरते. छताच्या कडेला हातांचे तेलकट डाग अधिक चमकतात. नव्याने रंगवलेला एखादा पत्रा शेजारच्या पत्र्यापेक्षा जास्त लख्ख असतो. हिरवी वाहिनी जागोजागी किंचित कमी-जास्त केली की सूर्य बाजूला येताच विमान एकदम वापरातलं वाटतं. रंगाच्या फाइलमध्ये यातलं काहीच दिसत नाही.

लाल रंगाचा त्रास निराळा. रेड ॲरोजने १९८० च्या हंगामापासून नॅट विमानं सोडून हॉक घेतलं, आणि तो लाल रंग लोकांच्या इतका डोळ्यांत बसला आहे की छटा जरा हलली तरी कळते. मॉनिटरवर शंभर टक्के लाल दिला तर दुपारच्या उन्हात तो गुलाबीकडे झुकतो किंवा सपाट होतो. थोडा गडद, थोडा मळकट घ्यावा. ऊन बाकीचं करतं. पोटाखालच्या पॉडचंही रंगकाम विसरू नये. त्यात डिझेल आणि रंग भरलेला असतो. ते मिश्रण गरम झोतात सोडलं की धूर उमटतो: पांढरा पाच मिनिटं, लाल आणि निळा एकेक मिनिट. म्हणून शेपटीचा खालचा भाग कधी पूर्ण स्वच्छ राहत नाही. सिममधले बहुतेक रेड ॲरोज मात्र आजच धुऊन आणल्यासारखे दिसतात.

फाइल तयार झाली तरी सिम ती आपणहून उचलत नाही. ती वेगळ्या फोल्डरात ठेवायची, मूळ विमान कुठे आहे हे एका छोट्या मजकूर-फाइलमध्ये सांगायचं आणि layout नावाची यादी नव्याने बनवायची. या यादीत प्रत्येक फाइलचं नाव आणि आकार असतो. यादीत नाव नसेल तर तुमची सगळी मेहनत सिमच्या लेखी अस्तित्वातच नाही.

आपल्याकडच्या माणसाला हॉक म्हटलं की सूर्यकिरण आठवतं. भारताने २००४ मध्ये ६६ हॉकचा करार केला. २४ ब्रिटनमध्ये बनली, बाकीची बंगळुरूला हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये. त्यांची शाळा बिदरला, म्हणजे उदगीरपासून फार लांब नाही. १९९६ मध्ये किरण विमानांवर सुरू झालेलं आणि २०११ मध्ये थांबलेलं सूर्यकिरण पथकही पुढे हॉकवरच पुन्हा उभं राहिलं. तेव्हा लाल-पांढऱ्या सूर्यकिरणचं रंगकाम करायचा मोह मराठी सिमरला होणारच. मलाही झाला. अडचण एवढीच की आपलं हॉक मार्क १३२ आहे. त्याचं नाक टी-१ पेक्षा लांब, आत डायलऐवजी पडदे, इंजिनही अडूरची पुढची आवृत्ती. रंगाने पत्रा लांबत नाही. आखूड नाकावर सूर्यकिरणचे पट्टे ओढले की त्यांचं प्रमाण बिघडतं, आणि डोळे मिटून ते खरं मानणं मला जमत नाही.

काही जण म्हणतात, मग करूच नये. मला ते पटत नाही. पट्टे टी-१च्या नाकाला शोभतील असे थोडे आखूड आखावेत, कॉकपिटमधले डायल आहेत तसे राहू द्यावेत आणि विमानांच्या यादीत जे नाव दिसतं त्यापुढे स्पष्ट ‘काल्पनिक’ लिहावं. माझ्या यादीत ते तसंच आहे, एक्सएक्स १५४च्या खाली.