हॉर्न मुका झाला, पण बिघाड कुठे?

ताम्हिणी घाटात धुकं उतरलं की आंधळ्या वळणापलीकडच्या गाडीला आपली चाहूल देणारा हॉर्नच असतो. तो बंद पडला की बहुतेक जण थेट दुकान गाठून नवा हॉर्न आणतात. पैसे जातात आणि पुष्कळदा गाडी मुकीच राहते.

समज : आवाज नाही म्हणजे हॉर्न जळाला

हा सगळ्यात महागात पडणारा समज. बऱ्याच गाड्यांना ग्रिल किंवा बंपरच्या मागे दोन हॉर्न असतात, एक जाड आवाजाचा आणि एक बारीक. एक गेला तर आवाज पातळ होतो, थांबत नाही. दोन्ही एकाच क्षणी जळणं फार क्वचित घडतं. म्हणून चांगला खणखणीत आवाज अचानक पूर्ण बंद झाला, तर दोघांच्या सामाईक वाटेवर संशय घ्यावा : फ्यूज, रिले (बटण दाबलं की हॉर्नचा प्रवाह जोडणारा स्विच), वायरिंग, स्टिअरिंगवरचं बटण. उलट आवाज आधी घोगरा होत गेला आणि मग थांबला, तर मात्र खुद्द हॉर्न तपासायचा. त्यातला विद्युतचुंबक पोलादी पडद्याला सेकंदाला काही शे वेळा ओढतो आणि सोडतो. आतल्या पॉइंटवर गंज चढला, पावसाचं पाणी शिरलं की ही थरथर अडखळते.

तपासणीची सुरुवात कानाने करावी. शांत जागी, इंजिन बंद ठेवून, फक्त चावी फिरवून बटण दाबा आणि फ्यूजबॉक्सकडून बारीक ‘टक’ असा आवाज येतो का ते दुसऱ्या कुणाला तरी ऐकायला सांगा. तो रिलेचा आवाज. तो आला तर बटणापासून रिलेपर्यंत सगळं ठीक आहे, बिघाड पुढे आहे. नाही आला तर आधी फ्यूज पाहावा, मग त्याच बॉक्समधला त्याच क्रमांकाचा दुसरा रिले अदलाबदल करून पाहावा. (काही नव्या गाड्यांत हा रिले सुटा काढता येत नाही, तिथे गॅरेजच गाठावं.)

टक ऐकू येऊनही हॉर्न गप्पच असेल, तर त्याचा कनेक्टर काढून टेस्ट लॅम्प लावा आणि बटण दाबायला सांगा. दिवा पेटला तर हॉर्नच खराब. पेटला नाही तर दिव्याचं एक टोक बॉडीच्या स्वच्छ धातूला लावून पाहा. आता पेटला, तर अर्थिंग तुटलेलं आहे. एकच वायर असलेल्या हॉर्नचं अर्थिंग त्याच्या पट्टीतूनच होतं. अशा वेळी पट्टीखालचा गंज खरवडून बोल्ट आवळला की नवा हॉर्न लागत नाही.

समज : बॅटरी उतरली असेल

सेल्फ मारताना स्टार्टर शंभराहून अधिक अँपिअर ओढतो. हॉर्नच्या जोडीला साधारण दहाच्या आसपास पुरतात. गाडी झटक्यात सुरू होत असेल, तर पूर्ण बंद हॉर्नचा दोष बॅटरीला देऊ नये.

समज : फ्यूज सारखा उडतो, मोठा टाकू

हे कुणी सहज सुचवतं तेव्हा मला खरोखर भीती वाटते. फ्यूज वायरच्या रक्षणासाठी असतो. १५ अँपिअरच्या जागी ३० चा बसवला, तर शॉर्ट तसाच राहतो आणि फ्यूजऐवजी वायर तापून पेटू शकते.

समज : स्टिअरिंग उघडून बटण साफ करू

एअरबॅग नसलेल्या जुन्या गाडीत ठीक. एअरबॅग असलेल्या गाडीत हे घरी करण्याचं काम नाही. फिरत्या स्टिअरिंगपर्यंत हॉर्न आणि एअरबॅग दोन्हींचा प्रवाह क्लॉक स्प्रिंग नावाच्या गुंडाळलेल्या पट्टीतून जातो. हॉर्न बंद आणि डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवाही पेटलेला, असं एकत्र दिसलं तर तीच तुटल्याचा दाट संशय घ्यावा. मग अपघातात एअरबॅग उघडेलच याची खात्री नाही. गाडी त्याच दिवशी दाखवावी. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरांना टेस्ट लॅम्प तर चुकूनही लावू नये.

समज : बदलतोच आहोत तर जोरदार बसवू

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ११९ अनेक सुरांच्या आणि कर्कश हॉर्नना मनाई करतो. शिवाय जास्त अँपिअर ओढणारा हॉर्न कंपनीच्या वायरिंगवर थेट जोडला, तर रिलेचे पॉइंट जळतात. मूळ हॉर्नइतकेच अँपिअर घेणारा हॉर्न घ्यावा आणि त्याचं तोंड खाली ठेवून बसवावा, म्हणजे आत पाणी साचत नाही.